गॅरेजमध्ये आलेले डॉक्टर

ऑक्टोबरची चोवीस तारीख, गुरुवार. दुपारी दोनला ऑफिसचा लॅपटॉप मिटला आणि गॅरेजमध्ये चकल्या तळायला घेतल्या. इथे अमेरिकेत, हर्नडनमध्ये, आम्ही मराठी बायका सगळ्याजणी दिवाळीचं तळण गॅरेजमध्येच करतो. घरात केलं तर आठवडाभर पडद्यांना वास राहतो, आणि धुराचा अलार्म कोकलतो तो वेगळाच. घडीचं टेबल, त्यावर विजेची शेगडी, कढई, पेपर टॉवेल, आणि गॅरेजचं दार पूर्ण वर केलेलं. दोन किलो भाजणी होती. अर्ध्या चकल्या इथल्या मराठी मंडळाच्या कार्यक्रमाला द्यायच्या होत्या.

बाबा वर त्यांच्या खोलीत पांघरूण घेऊन पडले होते. ते जुलैमध्ये पुण्याहून सहा महिन्यांसाठी आले होते. वय अठ्ठ्याहत्तर, एस.टी.च्या वर्कशॉपमधून फोरमन म्हणून निवृत्त. आई गेल्यावर पहिल्यांदाच एकटे आले होते. मंगळवारी त्यांना सर्दी झाली. मी सर्दीची गोळी दिली, बुधवारीही दिली. गुरुवारी सकाळी ते नेहमीसारखे फिरायला गेले, पण अर्ध्या तासातच परत आले आणि थंडी वाजते म्हणाले. मी त्यांना आल्याचा चहा करून दिला आणि मीटिंगला बसले.

पहिला घाणा तेलात सोडला होता तेव्हा शेजारचे चिनी गृहस्थ ड्राइव्हवेवरून चालत वर आले. आमच्यापासून दोन घरं सोडून त्यांचा मुलगा राहतो. हे त्याच्या मुलांना सांभाळायला चीनहून आलेले. बाबांचे ते फिरण्याचे सोबती. घरांमागच्या तळ्याभोवती दोघं रोज सकाळी तीन फेऱ्या मारायचे. एकाला मराठी आणि मोडकं हिंदी, दुसऱ्याला चिनी आणि चार इंग्रजी शब्द. मध्ये त्यांचा फोन. ते चिनीत बोलायचे, फोन मराठीत सांगायचा. बाबांना त्याचं फार कौतुक. "त्याचा फोन बातम्या दिल्यासारखं मराठी बोलतो," असं त्यांनी पुण्याला सगळ्यांना कळवलं होतं. बाबा त्यांना डॉक्टरसाहेब म्हणायचे.

ते डॉक्टर आहेत हे मी ऐकलं होतं, मनावर घेतलं नव्हतं. आपल्याकडेही निवृत्त झाल्यावर दर दुसरा माणूस होमिओपॅथीच्या गोळ्या वाटत सुटतो. हे बाबांचं मनगट धरून नाडी बघायचे, जीभ बाहेर काढायला लावायचे, कधी शेवंतीची वाळवलेली फुलं चहात घालायला द्यायचे. म्हणजे झाडपाल्याचे वैद्य, असा मी हिशोब केला होता. माणूस सज्जन. त्यापुढे मी विचार केला नव्हता.

त्या दुपारी त्यांच्या एका हातात फोन होता, दुसऱ्यात कागदाची पुडी. माझे हात पिठाचे. त्यांनी फोन माझ्यासमोर धरला आणि बटण दाबलं. बातम्यांच्या आवाजात फोन म्हणाला, "तुमच्या वडिलांना कालपासून नीट लघवी होत नाही. त्यांना थंडी वाजून येते. नाडी फार जलद आहे. त्यांना आजच हॉस्पिटलमध्ये न्या."

सगळं स्पष्ट ऐकू आलं. भाषेचा काही घोटाळा नव्हता. पण चकल्या उलटायच्या होत्या आणि माझं लक्ष त्यांच्या हातातल्या पुडीकडे होतं. आता हे काढा द्यायला आलेत, नाही म्हणायचं कसं, एवढंच माझ्या डोक्यात. मी मान हलवली. "थँक यू, डॉक्टर. आय विल सी."

ते हलले नाहीत. स्वतःच्या इंग्रजीत म्हणाले, "टुडे. हॉस्पिटल. टुडे."

"येस, येस," मी म्हणाले आणि झारा उचलला.

घाणा उतरेपर्यंत ते तिथेच उभे होते. मी चार चकल्या पेपर टॉवेलवर काढून त्यांना दिल्या. त्यांनी त्या दोन्ही हातांनी घेतल्या, पुडी टेबलावर ठेवली आणि गेले. संध्याकाळी पुडी उघडली तर आत वाळवलेली लाल बोरं होती. खाऊ.

डॉक्टर गेल्यावर मी लगेच वर गेले होते. दारात उभी राहून विचारलं, "बाबा, कसं वाटतंय?"

"बरं आहे गं. अंग जरा कसकसतंय."

"डॉक्टर आले होते तुमचे."

"काय म्हणाले?"

"काही नाही, चौकशी करत होते."

इथे मी लघवीचं विचारायला हवं होतं. विचारलं नाही. आमच्या घरात वडिलांना मुलगी असलं काही विचारत नाही आणि वडील मुलीला सांगत नाहीत. त्यांनी ते फोनला सांगितलं, कारण फोन परका होता आणि समोर पुरुष होता. मला त्यांनी मरेपर्यंत सांगितलं नसतं. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. असं होतं, एवढंच.

मग मी आमचा औषधांचा डबा काढला. आमच्यापैकी प्रत्येकाच्या घरी असा डबा असतो. पुण्याला गेलं की ओळखीच्या दुकानातून वर्षभराचं सामान आणायचं. तापाच्या, सर्दीच्या, पोटाच्या गोळ्या, आणि अँटिबायोटिकच्या दोन-तीन पट्ट्या. इथे डॉक्टरची वेळ मिळायला तीन आठवडे लागतात, इमर्जन्सीत आठ तास बसवतात, आणि पाहुण्यांचा विमा म्हणजे आधी फोनवर भांडण. डबा म्हणजे आमचा दवाखाना आणि मी त्याची डॉक्टर. मी बाबांना अँटिबायोटिक सुरू केलं. सोबत सर्दीची आणखी एक गोळी दिली, झोप लागावी म्हणून.

नवऱ्याने रात्री जेवताना विचारलं, "हॉस्पिटलला न्यायचं का?"

"सोमवारी अर्जंट केअरच्या दवाखान्यात नेते. ताप उतरलाय."

ताप खरंच उतरला होता. शुक्रवारी त्यांनी थोडा भात खाल्ला. डॉक्टर सकाळी तळ्यावर वाट बघून गेले असणार. मी खिडकीतून पाहिलं नाही, मला सकाळपासून मीटिंगा होत्या.

शनिवारी सकाळी सात वाजता बाबा पलंगाच्या कडेला बसलेले दिसले, पायात एकच मोजा. मला म्हणाले, "बाई, साताऱ्याची गाडी लागली का?" हात बर्फासारखे गार. गुडघ्यांवर जांभळी जाळी उमटली होती. नवऱ्याने ॲम्ब्युलन्स बोलावली. ती सात मिनिटांत आली.

इमर्जन्सीत त्यांनी नळी घातली तेव्हा सव्वा लिटर लघवी बाहेर आली, गढूळ, भयंकर वासाची. नर्सने पिशवी बदलली आणि माझ्याकडे पाहिलं नाही. दुपारपर्यंत बाबा अतिदक्षता विभागात होते, तोंडात श्वासाची नळी, मानेत मोठी सुई, रक्तदाब टिकवायला तीन पंप. तिथल्या डॉक्टर माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, केस घट्ट बांधलेल्या, बोलणं नेमकं. त्यांनी सांगितलं की लघवी अडली, तिथे जंतू वाढले आणि रक्तात गेले. आता शरीर त्यांच्याशी लढताना स्वतःचीच नासधूस करतंय. याला सेप्सिस म्हणतात. यात किती तास गेले त्याला महत्त्व असतं.

"घरी कोणती औषधं घेत होते?" त्यांनी विचारलं.

मी रक्तदाबाची आणि साखरेची नावं सांगितली. मिलिग्रॅमसकट. डब्यातली सांगितली नाहीत. लपवायची म्हणून नव्हे. ती मला औषधं वाटलीच नाहीत. कुणी काय जेवलात विचारलं तर मीठ सांगत नाही, तसं.

"काही हर्बल?"

मी नाही म्हणणार तेवढ्यात नवरा म्हणाला, "शेजारी एक चिनी गृहस्थ आहेत. ते काहीतरी चहा वगैरे द्यायचे."

डॉक्टरांनी लगेच मान वर केली. "काय होतं त्यात?"

"माहीत नाही."

त्यांनी ते टाइप केलं. संध्याकाळपर्यंत ते पुण्यात पोचलं होतं. माझा धाकटा भाऊ व्हिडिओवर आला तो ओरडतच. "ताई, त्या चिन्याने काय पाजलं बाबांना?"

"अरे, शेवंतीचा चहा. तो मीही प्यायलेय."

"तुला काय माहीत शेवंती होती? तू काय प्रयोगशाळेत तपासलीस? परक्या माणसाच्या हातचं काहीही प्यायचं, आणि तू बघत बसलीस?"

मी गप्प बसले. मला तेव्हा ते सोयीचं होतं, हे आता कळतं.

रविवारी सकाळी मी शेजारच्या डॉक्टरांच्या घरी गेले. काय दिलं होतं ते नीट विचारून हॉस्पिटलला सांगायचं होतं. दार त्यांच्या मुलाने उघडलं. माझ्यासारखाच आयटीवाला, चाळिशीचा. आदल्या संध्याकाळी माझ्या नवऱ्याने त्याला फोन करून हेच विचारलं होतं. तो दारातच उभा राहिला, आत ये म्हणाला नाही. इंग्रजीत म्हणाला, "माझे वडील इथे डॉक्टर नाहीत. त्यांच्याकडे इथलं लायसन्स नाही. त्यांनी तुमच्या वडिलांना काहीही औषध दिलेलं नाही. फुलं आणि बोरं, जी कुठल्याही दुकानात मिळतात. मी त्यांना कितीदा सांगतो, लोकांच्या नाड्या बघू नका."

"मला माहीत आहे," मी म्हणाले. "मी भांडायला आले नाहीये."

"लोक सुरुवातीला असंच म्हणतात," तो म्हणाला.

त्याच्यामागून डॉक्टर आले. मुलाला काही विचारलं, मुलाने तुटक उत्तर दिलं. ते आत गेले आणि पाच मिनिटांनी कोट घालून बाहेर आले. मुलगा काही बोलत राहिला. ते माझ्या गाडीत जाऊन बसले आणि त्यांनी पट्टा लावला.

हॉस्पिटलमध्ये त्यांनी बाबांना हात लावला नाही. पायथ्याशी उभे राहून आधी मॉनिटर वाचला, मग तिन्ही पंप, मग लघवीची पिशवी, मग चादर किंचित वर करून पावलं. माझ्या ओळखीत एवढ्या क्रमाने कुणी बघितलेलं नव्हतं. मला ऑफिसमध्ये बिघडलेली सिस्टीम बघणारा जाणता माणूस ओळखता येतो. मी खाली मान घातली.

कॅफेटेरियात फोन टेबलावर ठेवून आम्ही बोललो. ते एका मोठ्या सरकारी हॉस्पिटलात अतिदक्षता विभागाचे प्रमुख होते. एकवीस वर्षं. त्यांच्याकडे दोन फार्मसी होत्या, एक आपल्याला माहीत असलेल्या औषधांची, दुसरी चिनी औषधांची. सेप्सिसचा पेशंट आला की आधी अँटिबायोटिक आणि सलाइन, त्यात उशीर चालत नसे. त्याच्यासोबत शिरेतून वनस्पतींच्या अर्काची एक बाटली, पातळ चहाच्या रंगाची. आतडी थांबली तर नाकातल्या नळीतून एका मुळीचा काढा. त्यांनी फोनवर चित्र दाखवलं. ती रेवंदचिनी होती. आपल्याकडे काष्ठौषधीच्या दुकानात मिळते ती, पोट साफ व्हायला द्यायचे.

"त्याने लोक बरे होतात?" मी विचारलं.

फोनने त्यांचं उत्तर सांगितलं. "काही बरे झाले. काही दोन्ही औषधं अंगात असताना गेले. कुणाला कशामुळे बरं वाटलं हे मला प्रत्येक वेळी कळलं नाही. आपल्याला कळतं असं म्हणणारे सहकारी होते. मी दोन्ही याद्यांवर सही करायचो."

त्यांनी कॉफी घेतली नाही, कोमट पाणी घेतलं. मी त्यांना घरी सोडलं. मुलगा खिडकीत उभा होता.

सोमवारी दुपारी हॉस्पिटलच्या डॉक्टर माझ्याकडे कोड्यात पडल्यासारख्या आल्या. रक्ताच्या आणि लघवीच्या नमुन्यांत प्रयोगशाळेत काहीच उगवत नव्हतं. कोणता जंतू ते कळत नाही, म्हणून औषध अंदाजाने द्यावं लागतंय. "इथे येण्याआधी त्यांनी एखादं अँटिबायोटिक घेतलं होतं का?"

नवरा शेजारीच होता. मी म्हणाले, "हो. गुरुवारपासून. मी दिलं. भारतातलं."

त्यांनी नाव विचारलं. मी फोनमध्ये शोधून सांगितलं. मग आणखी काय दिलं ते विचारलं. मी सर्दीच्या गोळीचं सांगितलं, मंगळवारपासून. त्या गोळीत कोणकोणती औषधं असतात ते त्यांनी बघितलं.

"प्रोस्टेट वाढलेल्या माणसाला या गोळीने लघवी अडू शकते," त्या म्हणाल्या. आवाज साधा होता, आरोप नव्हता. "तेवढंच कारण असेल असं नाही. पण हातभार लागला असेल. आणि अर्धवट अँटिबायोटिकने ताप दबला. त्यामुळे त्यांना बरं वाटतंय असं तुम्हाला दिसलं असेल."

"दिसलं," मी म्हणाले.

त्यांनी चहाची नोंद खोडली की नाही मला माहीत नाही. नवऱ्याने गाडीत विचारलं, "पुण्याला सांगायचं?"

"आत्ता नको."

त्याने गाडी सुरू केली. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. एवढं पुरतं.

मंगळवारी बाबांचं पोट फुगायला लागलं. नळीतून दिलेलं अन्न उलट येत होतं. आतडी हलत नव्हती. बुधवारी पोट एवढं ताठ झालं की श्वासाच्या मशीनला जोर लावावा लागत होता. मूत्रपिंडं बंद, डायलिसिस सुरू. त्याच दिवशी भावाचा फोन आला, स्वर पूर्ण बदललेला.

"ताई, ऐक. मावशीने एक फॉरवर्ड पाठवलाय. चीनमध्ये सेप्सिसवर वनस्पतींचं इंजेक्शन देतात. हॉस्पिटलात, अधिकृत. तुझ्या त्या शेजाऱ्याला विचार ना."

"तू शनिवारी त्याला काय म्हणत होतास?"

"ते सोड गं. विचारायला काय जातंय? ओळख आहे ना तुझी? अगं, कुणाची ओळख कुठे कामाला येईल, सांगता येतं का?"

"ते औषध इथे मिळत नाही."

"तू सगळ्याला आधी नाहीच म्हणतेस. लहानपणापासून."

मी डॉक्टरांना विचारलं. हॉस्पिटलच्या डॉक्टर हसल्या नाहीत, हे मी त्यांच्या बाजूने लिहून ठेवते. त्यांनी त्याबद्दल वाचलेलं होतं. म्हणाल्या, "ते काम करतच नाही असं मी म्हणणार नाही. पण ते माझ्याकडे नाही, त्याला इथे परवानगी नाही. आणि बाहेरून आणलेल्या काढ्यात काय आहे हे मला तपासता येणार नाही. तुमच्या वडिलांच्या आतड्याला आत्ता पुरेसं रक्तच मिळत नाहीये. त्यात मी काहीही ओतणार नाही. आतडी हलवायची आमची औषधं आम्ही दिली आहेत."

मला त्यांचं बोलणं पटलं. पटूनही गुरुवारी सकाळी मी गाडी काढली आणि वीस मिनिटांवरच्या चिनी औषधांच्या दुकानात गेले. भिंतभर छोटे खण, काउंटरवर तराजू. दुकानदाराला माझ्या फोनवर रेवंदचिनीचं चित्र दाखवलं. त्याने विचारलं, कुणासाठी? मी म्हणाले, माझ्यासाठी, पोट साफ होत नाही. त्याने पिवळ्या चकत्या मोजून कागदात बांधल्या आणि सांगितलं, थोडी घ्या, जोरदार असते.

मी नर्सला नाकातल्या नळीत औषध देताना पाच दिवस पाहत होते. मोठी सिरिंज, बूच काढायचं, हळूहळू ओतायचं, वरून पाणी. नर्स बाराच्या सुमारास वीस मिनिटं शेजारच्या खोलीत असते हेही मी पाहून ठेवलं होतं. मी सॉफ्टवेअर तपासण्याचं काम करते. पळवाटा शोधणं हेच माझं काम. फक्त किती मुळी, किती पाणी आणि किती उकळायचं एवढं मला माहीत नव्हतं.

तिथून सरळ तळ्यावर गेले. डॉक्टर एकटेच बाकावर बसले होते. मी पुडी त्यांच्या हातात दिली आणि फोनमध्ये विचारलं, "हे कसं करायचं?"

त्यांनी पुडी उघडली, एक चकती नाकाशी नेली, मोडून आतला रंग पाहिला. मान हलवली, माल चांगला होता. मग त्यांनी विचारलं, "त्यांच्या डॉक्टरांनी मागितलं?"

"नाही."

त्यांनी पुडी नीट बांधली आणि स्वतःच्या कोटाच्या खिशात ठेवली.

मी म्हणाले, "ते माझं आहे. प्लीज. तुम्ही तुमच्या पेशंटना देत होता."

ते बराच वेळ फोनमध्ये बोलले. मग फोन बोलला, त्याच बातम्यांच्या आवाजात. "माझ्या विभागात हे देताना शेजारी नर्स असायची, दर काही तासांनी रक्त तपासलं जायचं, सर्जन वरच्या मजल्यावर असायचा. असं पोट असताना मीही दिलं नसतं. नातेवाइकांनी चोरून नळीत ओतलेलं मी पाहिलं आहे. त्यांना वाटायचं की त्यांनी काहीतरी केलं."

 समोर तळ्याच्या कडेने एक बाई बाबागाडी ढकलत पळत होती.

त्यांनी पुन्हा फोन तोंडाशी नेला. "मागच्या गुरुवारी मी औषध घेऊन आलो नव्हतो. मी हॉस्पिटल म्हणालो होतो."

"मला माहीत आहे," मी म्हणाले. हे मी मराठीतच म्हणाले आणि त्यांनी ते फोनला विचारलं नाही.

"तुम्ही पुडीकडे बघत होता," फोन म्हणाला.

"हो."

आम्ही आणखी थोडा वेळ बसलो. मग मला डायलिसिसच्या नर्सशी बोलायचं होतं, म्हणून मी उठले. पुडी त्यांच्याकडेच राहिली.

दिवाळी त्या आठवड्यात झाली. चकल्यांचे डबे मंडळाच्या एका काकू येऊन घेऊन गेल्या. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला, त्यांनी तो काढेपर्यंत मी उभी राहिले.

पुढच्या सोमवारी हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी बैठक बोलावली. भाऊ टॅबलेटवर, मागे मावशी, तिच्या मागे आणखी दोघंतिघं. डॉक्टरांनी सांगितलं की आतड्याचा काही भाग मेला आहे. ऑपरेशन केलं तर टेबलावरच जातील. रक्तदाबाचे पंप शेवटच्या टोकाला आहेत. आता आपण फक्त वेळ लांबवतोय. मी भावासाठी एकेक वाक्य मराठीत सांगत गेले. त्याने रडत विचारलं, "काहीच नाही?" मी डॉक्टरांना विचारलं. त्या म्हणाल्या, काहीच नाही. मी ते सांगितलं.

मशीन मंगळवारी दुपारी काढलं. नर्सने आधी त्यांची दाढी केली, मी सांगितलं होतं म्हणून. बाबांना दाढी वाढलेली चालत नसे. नळी काढल्यावर ते चाळीस मिनिटं होते. मी उजवा हात धरला होता, नवऱ्याने टॅबलेट. एका बाजूने पुण्यातून कुणी तरी रामनाम म्हणत होतं, नेट अडकलं की मध्येच थांबायचं. एक वाजून दहा मिनिटांनी डॉक्टरांनी वेळ लिहिली.

संध्याकाळी आमच्या दिवाणखान्यात बसून पुण्याशी बोलणं झालं. विधी कुठे करायचे, अस्थी कोण नेणार, तेराव्याला मी येऊ शकते का. सगळं ठरलं. मग भाऊ म्हणाला, "ताई, त्या चिन्याला असं सोडायचं नाही."

"म्हणजे?"

"तिकडे केस करता येते म्हणे. लायसन्स नसताना लोकांवर उपचार करायचे म्हणजे गुन्हा आहे तिकडे. इथल्या एका वकिलाशी मी बोललोय. तू फक्त हॉस्पिटलची कागदपत्रं काढ. चहाची नोंद आहे ना त्यांच्याकडे?"

मावशी मागून म्हणाली, "आपला माणूस गेला. त्याला कळायला नको?"

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "उद्या बोलते. आज मी दमलेय." आणि कॉल बंद केला. खोटं नव्हतं ते, पण खरंही नव्हतं. दहा दिवस मी त्या चहाच्या मागे उभी होते. बाबा जिवंत असताना मनाशी म्हटलं होतं, आता पुण्याच्या लोकांना ताण नको, बाबा बरे झाले की सांगू. आता तेही कारण उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला उठले, चहा केला, आणि स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून घरच्या ग्रुपवर लिहिलं. फोनवर सांगितलं असतं तर भावाने मध्येच तोडलं असतं आणि मीही त्याला तोडू दिलं असतं. लिहिलं ते असं:

"बाबांना लघवी अडली होती. शेजारच्या डॉक्टरांनी ते गुरुवारी ओळखलं आणि आजच हॉस्पिटलला न्या म्हणून मला घरी येऊन दोनदा सांगितलं. त्यांनी बाबांना कोणतंही औषध दिलेलं नाही. मी त्यांचं ऐकलं नाही. मंगळवारपासून मी बाबांना सर्दीच्या गोळ्या देत होते, त्या गोळ्यांनी लघवी अडू शकते असं इथल्या डॉक्टरांनी सांगितलं. गुरुवारी मी डब्यातलं अँटिबायोटिक दिलं. त्याने ताप दबला आणि दोन दिवस गेले. कागदपत्रं मी काढणार आहे. त्यात हेच असेल."

एकदा वाचलं. "मला माफ करा" असं शेवटी लिहिलं होतं ते खोडलं, कारण मग सगळे त्यालाच उत्तर देत बसले असते. पाठवलं. पुण्यात संध्याकाळ होती, सगळे जागे होते. निळ्या खुणा एकामागून एक उमटल्या. कुणी काही लिहिलं नाही. सात मिनिटांनी भावाचं "टायपिंग" दिसलं, थांबलं, पुन्हा दिसलं, थांबलं.

तोच मजकूर इंग्रजीत करून डॉक्टरांच्या मुलाला पाठवला, खाली माझं पूर्ण नाव आणि तारीख घालून, म्हणजे कधी गरज पडली तर त्याच्या हाताशी राहील. मग अंघोळ केली. बाबांचा पासपोर्ट, व्हिसाची प्रत आणि हॉस्पिटलचा कागद एका पाकिटात घातला आणि अंत्यसंस्काराच्या ऑफिसला गेले. ते नऊला उघडतं. मी पावणेनऊला पोचले आणि गाडीत बसून राहिले.